ओल्या डोक्याने झोपू नकोस

तोप्पुंपडीहून सुटलेली बस पुलावर चढली आणि मागच्या बाकावरून कार्मलीला स्वतःचंच रडणं ऐकू आलं. आधी तिला वाटलं, डोक्यातच वाजतंय. नवऱ्याला, सेवेरीला, इस्पितळात ठेवल्यापासून तिच्या डोक्यात काय काय वाजत असायचं: देवळातली घंटा, कुकरची शिट्टी, जुन्या घराच्या भिंतीवर आदळणारं पाणी. पण रडणं मध्येच तुटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तेव्हा तिला कळलं की हा कुणाचा तरी फोन आहे. ‘ओल्या डोक्याने झोपू नकोस रे... ऊठ, केस पूस...’ पाठोपाठ दोन मुली खिदळल्या.

“शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला ना, त्याच्यावर टाकलंय कुणीतरी. बघ, गोलकीपर आडवा पडलाय आणि ही बया रडतेय.”

“अगं आई गं! माझ्या भावाला पाठव. काल मॅच हरल्यापासून जेवला नाहीये तो.”

कार्मलीने वळून पाहिलं नाही. मांडीवरचा पेजेचा डबा तिने दोन्ही हातांनी धरला आणि खिडकीतून खाली पाण्याकडे पाहत राहिली. मुली वाईट नव्हत्या. उतरताना त्यांतली एक “अम्मच्ची, जरा सरकता का?” म्हणाली, डबा कलंडत होता तर तिने हातसुद्धा लावला. तिने कार्मलीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी? ज्या सिनेमातलं ते रडणं होतं, त्यात कार्मलीचे केस मोकळे होते, तोंड वेडंवाकडं झालेलं होतं, अंगावर चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेली साडी होती. ती मुळात स्वतःची चांगली, इस्त्रीची साडी नेसून कॅमेऱ्यासमोर आली होती. कपडेवाला म्हणाला होता, “चेच्ची, ही फारच नवी वाटते, इथल्या बाईची वाटत नाही.” इथल्या बाईला इथल्या बाईसारखं दिसायला लावायला त्यांना अख्खी दुपार लागली होती. तिला ह्या गोष्टीचं तेव्हा हसू आलं होतं. आता बसमध्ये बसून तिच्या मनात आलं, की ते वाक्य मुलींना पाठ आहे, मुलीच्या भावाला पाठ आहे, रस्त्याने जाणाऱ्या कुणाच्याही खिशात ते आहे. फक्त सेवेरीसमोर ते काढायचं नाही. आणि सेवेरी तर मरायला टेकला होता.

सिनेमाचं वेड त्याचं, तिचं नव्हे. लग्न झालं त्याच आठवड्यात तो तिला त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावात, पुत्तनकडवला, झावळ्यांच्या थिएटरात घेऊन गेला होता. खाली वाळू, वर पंखा नाही, आणि हा माणूस पडद्यावरच्या कोळ्याशी भांडत बसलेला. “वल्हं असं धरतात होय रे? ह्याला होडीत घेतला तर पहिल्याच लाटेला आई आठवेल.” त्या काळच्या सिनेमांत किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडाला काळं फासायचे, कमरेचं मुंडू मात्र परीटघडीचं असायचं, आणि जाळं ओढायचं सोडून सगळे गात सुटायचे. सेवेरी घरी येईपर्यंत चडफडायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्या खेळाला हजर. मग दिवस बदलले. पडद्यावरची माणसं हळूहळू खरं बोलायला लागली. डोंगरातले रबरवाले त्यांच्या बोलीत, उत्तरेकडचे मुसलमान त्यांच्या बोलीत. स्वयंपाकघरात धूर दिसायला लागला, नवऱ्याचा मार दिसायला लागला, दुबईला गेलेल्या मुलाच्या रिकाम्या खोलीत वाळत घातलेल्या मिरच्या दिसायला लागल्या. सेवेरी खूष. “दुसऱ्यांच्या सिनेमाला गेलं, की दुसऱ्यांना बघायचं,” तो म्हणायचा. “आपल्या सिनेमाला गेलं, की आपल्यालाच. आता फक्त आपला किनारा राहिलाय, कार्मली. येतील. एक दिवस आपल्याकडेही येतील.” पाहुण्यांना जेवायला बोलावल्यासारखा तो वाट पाहत होता.

आणि आले की. समुद्राने घरांची पहिली रांग गिळली त्याच्यानंतर आले. दिग्दर्शक मऊ बोलणारा, दाढीवाला, चपला बाहेर काढून घरात येणारा. त्याला खरं घर हवं होतं, खरा फुटका बांध हवा होता, खरी माणसं हवी होती; घर सेवेरीचंच ठरलं. पाणी चुलीपर्यंत आलं तरी घर न सोडणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट होती. सेवेरीला तर स्वर्ग हाती लागला. रोज सकाळी आंघोळ करून कॅमेऱ्याशेजारी जाऊन बसायचा, जाळं कसं धरतात ते नटांना दाखवायचा, आणि ते बिचारे ऐकायचे. शेवटी म्हातारा मरतो, त्याची बायको प्रेतापाशी बसून रडते. त्यासाठी तिरुवनंतपुरमहून एक नावाजलेली बाई आली होती. ती रडली, चांगली रडली, पण आजूबाजूच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दिग्दर्शकाच्या ते ध्यानात आलं. त्याने विचारलं, “इथे पतं सांगणारं कुणी आहे?” सगळ्यांनी कार्मलीकडे बोट दाखवलं.

पतं सांगणं काही शिकवून येत नाही. मेलेल्याला समोर ठेवायचं, त्याच्या छातीवर हात ठेवायचा, आणि तो जिवंत असल्यासारखं त्याच्याशी बोलत हेल काढायचा. त्याने काय खाल्लं, काय खायचं राहिलं, कुणाला शिव्या दिल्या, कुणाला उचलून आणलं, सगळं. पुत्तनकडवला कुणी गेलं की कार्मलीला बोलावणं यायचं. तिने सासूचं सांगितलं, आईचं सांगितलं, जन्मभर जिच्याशी भांडली त्या शेजारणीचंसुद्धा सांगितलं आणि तिच्या मुलांना हुंदके आवरले नाहीत. एकाचंच राहिलं होतं. डेन्सनचं. तिचा थोरला मुलगा बोटीवर गेला, बोट उलटी सापडली, बाकीच्या दोघांची प्रेतं मासळीच्या जाळ्यात अडकून वर आली, डेन्सन आला नाही. समोर ठेवायला काही नव्हतं. देवळात फोटो ठेवून फादरनी मिस्सा सांगितली तेव्हा बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि सेवेरीने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. “प्रेताशिवाय पतं सांगत नाहीत,” तो तिच्या कानात म्हणाला होता. “तू रडलीस की तो गेला. मग मी कुणाची वाट बघू?” दुसऱ्या एखाद्या जहाजाने उचलला असेल, कुठल्या तरी देशाच्या तुरुंगात असेल, असं तो सांगायचा, आधी सगळ्यांना, नंतर फक्त तिला, नंतर नुसता दाराकडे तोंड करून बसायचा. तिने ते रडणं गिळलं. वर्षानुवर्षं ते तिच्या गळ्याशी होतं. भात गिळताना ते तिला जाणवायचं.

त्या दिवशी सेवेरी लोकेशनवर नव्हता. सिनेमावाल्यांसाठी ताजी मासळी आणायला बंदरावर गेला होता. प्रेत झालेला नट मधूनमधून उठून बाहेर जाऊन सिगारेट ओढून यायचा आणि पुन्हा मरायचा. कार्मली त्याच्या उशाशी बसली. छातीवर हात ठेवला, ती गरम होती. तोंडातून काही फुटेना. परक्या माणसाचं काय सांगणार? दिग्दर्शक म्हणाला, “चेच्ची, घाई नाही.” मग कुणाला तरी आठवलं, की गोष्टीत घरात पाणी शिरलेलं आहे, म्हाताऱ्याचं डोकं कोरडं कसं? एकाने तांब्याभर पाणी आणून नटाच्या केसांवर ओतलं. ते केस कपाळावर चिकटले. कार्मलीने ते पाहिलं आणि पुढचं तिला फारसं आठवत नाही. ओल्या डोक्याने झोपू नकोस रे, ऊठ, केस पूस, किती वेळा सांगितलं तुला, छातीत सर्दी जाते. कप्पाचा कंद उकडून ठेवलाय. कालवण गार झालं. तुझी उशी मी उन्हात घातलीय, तुझ्या वासाची होती ती, मी उगीच धुतली. असं काय काय. म्हाताऱ्या नवऱ्याला बायको असं कशाला म्हणेल? पण कुणी थांबवलं नाही. थांबली तेव्हा दिवे धरणारे लोक रडत होते, आणि प्रेत डोळे पुसत उठून बसलं होतं. दिग्दर्शकाने वाकून तिचे हात हातात घेतले. रात्री ती पोटभर जेवली, आणि किती तरी दिवसांनी गाढ झोपली. सेवेरीला तिने काही सांगितलं नाही. काय सांगणार, की आज मी आपल्या मुलाला मारून आले?

एर्णाकुळमच्या थिएटरात पहिला खेळ पुत्तनकडवसाठी ठेवला होता. बसा भरभरून सगळा किनारा आला होता. सेवेरी इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध बसला. जाळं पडद्यावर आलं तेव्हा शेजाऱ्याला कोपराने ढोसत म्हणाला, “हा हात मी शिकवलाय.” लोक टाळ्या वाजवत होते, आपापली घरं ओळखत होते; गेलेली घरं दिसली की गप्प होत होते. मग ती पडद्यावर आली. पहिल्या हेलालाच सेवेरीची मान वळली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि तो उठला. रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, एकाचीही माफी न मागता, तो बाहेर निघून गेला. कार्मलीला तो गाड्या लावायच्या जागेत सापडला. एका स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभा होता.

“कधी गेला तो?” त्याने विचारलं.

“कोण?”

“डेन्सन. कधी गेला? मला सांगितलं नाहीस.”

आतून टाळ्यांचा आवाज येत होता. त्यानंतर तो पुन्हा कधी सिनेमाला गेला नाही आणि दाराकडे तोंड करूनही बसला नाही. भिंतीकडे करून बसायचा.

सिनेमाचं मात्र सोनं झालं. बक्षिसं मिळाली, राजधानीच्या महोत्सवात लोक जिन्यांवर बसून बघत होते, मोठमोठी माणसं डोळे पुसत बाहेर आली. किनाऱ्याचं दुःख इतकं खरं कुणी दाखवलं नव्हतं, असं पेपरांत छापून आलं. खरंच होतं ते. कार्मलीला त्यात खोट काढता येत नव्हती. पुढच्या पावसात बांध आणखी फुटला, आणि सिनेमातलं घर आणि सिनेमाबाहेरचं घर एकाच दुपारी गेलं, कारण ते एकच होतं. तेव्हा टीव्हीवाली पोरगी माईक घेऊन आली. “अम्मच्ची, तो प्रसंग इथेच झाला ना? जरा ते म्हणून दाखवता का?” कार्मली गुडघाभर पाण्यात भांडी गोळा करत होती. सिनेमाच्या आरशात जे दिसलं ते बघून सगळे हळहळले होते आणि आरसा पुन्हा भिंतीला टांगून घरी गेले होते. सेवेरीने मुलीला शिवी हासडली नाही. त्याने माईकवर हात ठेवला आणि म्हणाला, “ते तिचं नाहीये, पोरी. मागू नकोस.” मग ती दोघं तोप्पुंपडीला भाड्याच्या खोलीत राहायला आली.

इस्पितळात तिने डबा उघडला तेव्हा सेवेरी जागा होता. पोट फुगलं होतं, हात काड्यांसारखे झाले होते. पेजेचे चार घास त्याने तिच्या समाधानासाठी खाल्ले.

“बसला गर्दी होती?”

“होती.”

“तुझं तोंड का असं?”

“उन्हाचं.”

त्याने डबा बाजूला सारला. मग म्हणाला, “खालच्या वॉर्डात एक पोरगं फोनवर ते लावत होतं. नर्सबाई हसत होती.” कार्मलीने चमचा धुतला. धुतलेला चमचा पुन्हा धुतला. “कार्मली, माझ्या वेळी ते नको.”

“कसलं काय बोलता! डॉक्टर म्हणाले...”

“डॉक्टरांचं जाऊ दे. ते आपल्या पोराचं आहे. एकदा दुसऱ्याला दिलंस, बस झालं. माझ्यावर ते नको घालूस.”

“मग काय सांगू तुमचं?” आणि हे विचारताना तिला एकदम भीती वाटली, कारण खरंच सुचत नव्हतं.

“सांग की, सिनेमावेडा होता. वल्ह्यावरून भांडायचा.” तो हसला आणि खोकला आला. “नाही सुचलं तर गप्प बस. गप्प चालेल मला. पण ते नको. कबूल?”

“कबूल.”

परतीच्या बसमध्ये ती मनातल्या मनात शोधत होती. सेवेरीचं पतं. माणसाबरोबर सगळा जन्म काढला, काही तरी सापडायला हवं. वाळूतलं थिएटर सापडलं. मनगट धरलेला हात सापडला. पण जे सापडे त्याला हेल लावायला गेलं, की जिभेवर आधी ओलं डोकं यायचं. गळ्यात एकच वाट पडली होती आणि त्या वाटेवरून आता सगळं गाव चालत होतं.

तो गेला. मुलगी जिन्सी माल्टात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. तिचे कागद नवे व्हायला टाकले होते, निघाली तर परत घेतील की नाही ठाऊक नव्हतं. म्हणून तिच्यासाठी जोबिन नावाचा कॅमेरावाला सांगितला. आता सगळेच सांगतात. पेटीभोवती घरचे उभे राहतात, फोटो होतो, दूरदेशीची लेकरं फोनवर बघत रडतात. अंगणात कापड ताणलं होतं. सेवेरीला पांढरा शर्ट घातला होता, हातांत जपमाळ होती. त्याला नुकतीच आंघोळ घातली होती आणि केस अजून ओले होते. कार्मलीला ते दिसलं. तिने पदराने ते पुसले, नीट, मागून पुढून, कानांच्या मागे. तोंडातून शब्द काढला नाही.

बायका जमल्या. पुत्तनकडवच्या आल्या होत्या, आणि ह्या गल्लीतल्याही, ज्या तिला फक्त सिनेमामुळे ओळखत होत्या. सगळ्या वाट पाहत होत्या. ब्रिजित, तिची जुनी शेजारीण, तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “सोड, कार्मली. मोकळी हो. आम्ही आहोत.” कार्मलीने सेवेरीच्या छातीवर हात ठेवला. ती थंड होती. सिनेमावेडा होता, तिने मनात म्हणून पाहिलं. वल्ह्यावरून भांडायचा. तोंड उघडलं. पहिला हेल निघाला, नुसता हेल, त्यात शब्द नव्हता, आणि मागून कुणीतरी बाई, वाईट हेतूने नव्हे, भजनात साथ द्यावी तशी, हळू आवाजात पुढचं म्हणाली: “ओल्या डोक्याने...”

कार्मलीने तोंड मिटलं. मग ते शेवटपर्यंत उघडलं नाही. जोबिन कॅमेरा घेऊन तिच्या तोंडाजवळ आला, वाट पाहून मागे गेला, पुन्हा आला. “चेच्ची, थोडं तरी,” तो कुजबुजला. “जिन्सीचेच्ची बघतेय.” फादर आले, पेटी उचलली, वाजंत्री लागली. देवळाच्या वाटेवर तिला मागचं बोलणं ऐकू येत होतं.

“डोळ्यांत टिपूस नाही गं.”

“परक्यासाठी केवढी रडली होती! नवऱ्यासाठी काही नाही.”

“तिथे पैसे मिळाले असतील.”

तिला राग आला नाही. ती सेवेरीला मनातल्या मनात सांगत होती, बघा, पाळलं मी. गप्प चालेल म्हणाला होतात. त्या एका गोष्टीचा तिला आधार होता; दफन झाल्यावर रिकाम्या खोलीत आली तेव्हाही होता. सगळं गेलं, पण तुम्हाला दिलेलं तेवढं राहिलं.

सातव्या दिवशीची मिस्सा झाल्यावर जोबिनने व्हिडिओ पाठवला. जिन्सीने फोन केला, आवाज रडून बसलेला. “अम्मच्ची, आलं का? ब्रिजितचेच्चीकडून उघडून घे. मी चारदा पाहिलं. इथल्या सगळ्यांना दाखवलं. माझी मालकीण, तिला एक शब्द कळत नाही, तीसुद्धा रडली.”

ब्रिजितने आपला फोन उशीला टेकवून ठेवला आणि चहा टाकायला गेली. आधी देऊळ आलं, मग फुलं, मग सेवेरीचा चेहरा. तो चेहरा आला आणि खोलीत कार्मलीचं रडणं सुरू झालं. ओल्या डोक्याने झोपू नकोस रे. ऊठ. केस पूस. चित्रातली कार्मली तोंड मिटून त्याचे केस पुसत होती, आणि ते त्या शब्दांशी इतकं जुळत होतं, की कुणाला संशयही आला नसता.

“मीच सांगितलं जोबिनला घालायला,” जिन्सी फोनवर म्हणत होती. “तुझं चुकलं असं नाही गं, तुला धक्का बसला होता. पण फार रिकामं रिकामं वाटत होतं. लोक विचारत होते, तुझी आई रडली का नाही? आता किती छान झालंय बघ. अप्पनचाच सिनेमा तो, त्यांच्याच आवडीचा. अम्मच्ची? ऐकतेस ना?”

“ऐकतेय.”

“बरं वाटलं ना?”

डेन्सन गेला तेव्हा जिन्सी लहान होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ते कुणाचं रडणं आहे हे ठाऊक असलेला दुसरा माणूस त्या पेटीत होता. कप्पाचा कंद उकडून ठेवलाय. कालवण गार झालं. कॅमेरा सेवेरीच्या तोंडावर थांबला होता, जोबिनने तो तिथे बराच वेळ ठेवला होता.

“अप्पनचं तोंड बघ,” जिन्सी म्हणाली. “किती शांत. ऐकत पडल्यासारखे वाटतात की नाही?”

“हो,” कार्मली म्हणाली.

थिएटरातून तो उठून गेला होता. ह्या वेळी त्याला उठता आलं नव्हतं.